नातीचे विद्यापीठ आणि आजोबांची गोळी

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. राधानगरी तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक नेहमीप्रमाणे तपासणीसाठी माझ्या दवाखान्यात आले. वय ७४. गेली अकरा वर्षे त्यांचा रक्तदाब एकाच गोळीवर १३० आणि ८० च्या आसपास स्थिर होता. त्या दिवशी तो १७८ आणि १०४ भरला. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा फरक नव्हता. मी औषधांची पिशवी पाहायला मागितली. महिन्यापूर्वी दिलेल्या तीस गोळ्यांपैकी चौदा अजून पाकिटातच होत्या.

"गुरुजी, गोळ्या शिल्लक कशा?"

थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक दिवसाआड घेतो आहे. नातीचा प्रवेश आहे. चार वर्षं पैसे लागणार. म्हातारपणी निदान आपला खर्च तरी कमी करावा."

वाचकहो, त्या गोळीची किंमत दिवसाला काही रुपये आहे. त्या बचतीतून नातीच्या एका पुस्तकाचीही सोय झाली नसती. हे हिशेबनीस गुरुजींना ठाऊक नव्हते असे नाही. घरावर मोठा खर्च येतो आहे आणि त्यात आपला वाटा असला पाहिजे, या भावनेने त्यांच्या हाती जे होते ते त्यांनी कमी केले. दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की असे दोन-चार आजी-आजोबा माझ्याकडे येतात. कोणाची झोप उडालेली असते, कोणाची साखर वाढलेली असते, कोणी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया 'पुढच्या वर्षी' ढकललेली असते. कारण विचारले की शेवटी एकच प्रश्न पुढे येतो : मुलाला मोठ्या सरकारी विद्यापीठात घालावे, की लहान खासगी विद्यापीठात?

हा प्रश्न शिक्षणतज्ज्ञांचा आहे, मी साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर. परंतु त्याचे परिणाम माझ्या टेबलावर रक्तदाबाच्या आकड्यांतून उमटतात. म्हणून आज त्याविषयी आपल्याशी बोलावे असे वाटले.

आपल्या कोल्हापुरात हा प्रश्न नवा का?

आपल्यापैकी अनेकांच्या तरुणपणी हा प्रश्न उद्भवतच नव्हता. राजाराम महाविद्यालय १८८० पासूनचे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. तरीही पदवीसाठी येथील महाविद्यालये आधी मुंबई आणि नंतर पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. त्यानंतर कित्येक दशके आपल्या भागात 'विद्यापीठ' म्हणजे सागरमाळावरचे ते एकच विद्यापीठ. माझ्या पदवीवरही त्याच विद्यापीठाचे नाव आहे, कारण आरोग्यविज्ञानासाठी नाशिकचे वेगळे विद्यापीठ १९९८ मध्ये आले. त्याआधी वैद्यकीय पदव्याही येथूनच दिल्या जात.

आता चित्र पालटले आहे. कसबा बावड्यातील डी. वाय. पाटील संस्थेला २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अतिग्रे येथे २०१७ पासून संजय घोडावत विद्यापीठ आहे. नातवंडांसमोर पर्याय आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र 'विद्यापीठ' या एका शब्दाखाली तीन-चार निरनिराळ्या व्यवस्था नांदतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना कोणी समजावून सांगत नाही.

नावे सारखी, व्यवस्था वेगळ्या

राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे शासनाच्या कायद्याने चालणारे, जसे शिवाजी विद्यापीठ. त्याचे स्वतःचे अधिविभाग असतात. शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांतील शेकडो महाविद्यालये त्याला संलग्न असतात. त्यांपैकी काही खासगी असली आणि काहींना स्वायत्तता मिळालेली असली, तरी पदवी या विद्यापीठाचीच मिळते. खासगी विद्यापीठ हे राज्याच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन होते, स्वतःची पदवी देते आणि साधारणतः इतर महाविद्यालयांना संलग्न करून घेत नाही. अभिमत विद्यापीठाला केंद्र शासन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सल्ल्याने तो दर्जा देते. तेही स्वतःचीच पदवी देते.

म्हणजे 'खासगी महाविद्यालय' आणि 'खासगी विद्यापीठ' या एक गोष्टी नव्हेत. हा फरक नुसत्या शब्दांचा नाही, पैशाचाही आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, पालकांचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. पूर्वी ही सवलत निम्मी होती. सार्वजनिक विद्यापीठे, शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालये यांत केंद्रीभूत प्रक्रियेने प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी ही सवलत आहे. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्या निर्णयातून वगळलेली आहेत. गुरुजींच्या घरी ही माहिती कोणालाच नव्हती. नातीला अभियांत्रिकीला जायचे होते, वडील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत नोकरीला, उत्पन्न मर्यादेच्या पुष्कळ आत. आणि आजोबा गोळ्या वाचवत होते! असे निर्णय वेळोवेळी बदलतात, म्हणून आपल्या पाल्याच्या वर्षासाठी काय लागू आहे, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात किंवा महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अवश्य पाहून घ्यावे.

मोठे काय देते, लहान काय देते

सकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जाणारे आपल्यापैकी पुष्कळ जण असतील. मीही जातो. सुमारे साडेआठशे एकरांचा तो परिसर, मुख्य इमारतीसमोरचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा, बॅरिस्टर खर्डेकरांच्या नावाचे ग्रंथालय. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाचे पहिले बळ म्हणजे तेथे नाना गावांची, नाना परिस्थितींची मुले एका बाकावर बसतात. शुल्क आवाक्यात असते, विषयांची विविधता असते, संशोधन करणारे अध्यापक असतात, 'कमवा आणि शिका' यासारख्या योजना असतात आणि पदवीचे नाव सर्वत्र परिचित असते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गर्दी असते, कामे रेंगाळतात, आणि जो विद्यार्थी स्वतःहून पुढे होत नाही तो सहज मागे राहतो. मी स्वतः शासकीय महाविद्यालयात शिकलो. पहिल्या वर्षी एका विषयात नापास झालो, तो माझ्याच संकोचापायी. शंका विचारायला उभे राहण्याचे धैर्य मला दुसऱ्या वर्षी आले.

लहान खासगी विद्यापीठात वर्ग बहुधा लहान असतात, वेळापत्रक काटेकोर असते, नवे अभ्यासक्रम लवकर सुरू होतात, वसतिगृह आवारातच असते आणि मूल दोन दिवस दिसले नाही तर कोणीतरी चौकशी करण्याची शक्यता अधिक असते. उणी बाजू म्हणजे शुल्क अधिक, विषयांची निवड मर्यादित, आणि संस्था नवी असल्यास तिचे माजी विद्यार्थी अजून जगात फारसे पोचलेले नसतात. लहान म्हणजे आपुलकी आणि मोठे म्हणजे अनास्था, असे मात्र गृहीत धरू नये. दोन्हीकडे दोन्ही प्रकार आढळतात.

एका बाबतीत मी स्वतः लहान संस्थेची बाजू घेतली होती. माझ्याकडील एका मुलाला वयाच्या नवव्या वर्षापासून पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, वेळेवर जेवण, आणि साखर उतरली तर तत्काळ मदत, एवढे त्याला लागतेच. वडिलांना मोठ्या शहरातील नामांकित विद्यापीठाचा आग्रह होता. तेथे मुलाला खोली भाड्याने घेऊन एकटे राहावे लागणार होते. मी त्यांना प्रतिष्ठेविषयी काही बोललो नाही, फक्त एक प्रश्न विचारला : "रात्री दोन वाजता याची साखर उतरली, तर दार कोण ठोठावणार?" घरापासून तासाभरावरची, आवारातच वसतिगृह आणि दवाखान्याची सोय असलेली लहान खासगी संस्था त्यांनी निवडली. खर्च जास्त आला, पण त्या कुटुंबाला तो झेपणारा होता. मुलाच्या खोलीतील दोन मित्रांनी साखर उतरल्याची लक्षणे पाठ केली : घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे. मुलगा शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता लगेच दवाखान्यात न्यायचे, हेही ते शिकले.

म्हणून माझे सांगणे असे की, संस्थेच्या नावाआधी मूल पाहा. फेफरे येणाऱ्या मुलाला जागरण सोसत नाही. दम्याच्या मुलीला धुळीची, कोंदट खोली चालत नाही. अतिशय अबोल मुलाला हजारांच्या गर्दीत पहिले सहा महिने आधार लागतो. उलट, धीट आणि जिज्ञासू मुलाला मोठे आवारच मानवते.

आजी-आजोबांच्या पुंजीचे पथ्य

आता आपल्याविषयी. नातवंडांना मदत करावी, जरूर करावी. तथापि पथ्य न पाळता केलेली मदत पुढे त्याच नातवंडांवर ओझे होऊन परतते. आजोबांना पक्षाघात झाला, तर मुलीचे सत्र बुडते, वडिलांची नोकरी अडते आणि वर्षाच्या शुल्काएवढा खर्च आठवड्यात होतो. रक्तदाबाची गोळी चुकवण्यातला धोका हाच आहे. रक्तदाब वाढल्याचे बहुतेकांना जाणवतच नाही. आणि काही औषधे एकाएकी थांबवली तर तो झपाट्याने उसळतो.

माझ्या अनुभवातील काही पथ्ये अशी :

पहिले, औषधे, तपासण्या आणि चष्मा-दातांसारख्या गरजा यांचा वर्षाचा खर्च आधी बाजूला काढा. औषधांचा भार वाटत असेल तर जनऔषधी केंद्रातील पर्यायाविषयी डॉक्टरांना विचारा. गोळी स्वतः कमी करू नका.

दुसरे, वयाची सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळाले आहे. नातवाच्या प्रवेशअर्जाच्या धावपळीतच आपले कार्डही काढून घ्या.

तिसरे, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील ठेव मुदतीआधी मोडण्यापूर्वी थांबा. एक वर्षाच्या आत मोडल्यास व्याज मिळत नाही, दिलेले व्याजही मुद्दलातून वळते होते. एक ते दोन वर्षांत मुद्दलाच्या दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कपात होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दर तीन महिन्यांनी हाती येणारी रक्कम कायमची थांबते.

चौथे, शैक्षणिक कर्जाची वाट आधी तपासा. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकते. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे पाहावे. कर्जाच्या कागदावर आजोबांनी सही केली, तर ती केवळ आशीर्वादाची सही नसते. हप्ते थकले तर बँक त्यांच्याकडेही येते.

पाचवे, राहते घर गहाण टाकू नका आणि भावनेच्या भरात नावावरून काढू नका. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास परत मागण्याची तरतूद आहे. परंतु ती अट कागदावर असेल तर भांडण सोपे जाते.

प्रवेशापूर्वी विचारण्याचे प्रश्न

दोन्ही प्रकारच्या संस्थांना एकच प्रश्नावली लावा. संस्थेचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का? वैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या यांसारख्या अभ्यासक्रमाला संबंधित परिषदेची मान्यता आहे का? 'नॅक'ची श्रेणी कोणत्या वर्षाची आणि केव्हापर्यंत वैध? शुल्क पहिल्या वर्षाचे सांगतात की सर्व वर्षांचे? त्यात वसतिगृह, भोजन, परीक्षा, अनामत हे धरले आहे का? प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते, ते लेखी आहे का? मूळ प्रमाणपत्रे पाहून परत दिली पाहिजेत, ती ठेवून घेऊ नयेत, असा आयोगाचा नियम आहे. रात्री आजारी पडल्यास जवळचे रुग्णालय किती अंतरावर आणि नेणार कोण?

आणि एक चक्कर स्वतः मारावी. माहितीपत्रकातील छायाचित्रांपेक्षा वसतिगृहातील पिण्याचे पाणी आणि भोजनगृहातील दुपारचे ताट अधिक खरे बोलते. शक्य झाले तर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी चहा घेत बोलावे.

मुलाला घर सोडून गेल्यावर खूप उदास वाटू लागले, झोप-भूक गेली, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे. रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक मुलाच्या आणि आपल्याही भ्रमणध्वनीत साठवून ठेवा. घर रिकामे झाल्यावर आजी-आजोबांनाही उदासी येते. तोच पहिला क्रमांक आपल्यासाठीही आहे.

ज्याला कोणी विचारलेच नव्हते

आता गुरुजींच्या घरी परत येऊ. मी त्यांना म्हटले, "पुढच्या वेळी नातीला घेऊन या." आठ दिवसांनी ती आली. आजोबांना खासगी विद्यापीठ हवे होते, कारण तेथे मुलगी 'सुरक्षित' राहील. वडिलांना सार्वजनिक विद्यापीठ हवे होते, कारण खर्च कमी. मुलीला काय हवे, हे विचारल्यावर ती आधी गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "मला हॉस्टेलला राहायचं आहे. पण आजीला इन्सुलिन मीच देते ना."

वाचकहो, एवढ्या चर्चेत ही गोष्ट कोणाच्याही तोंडून आली नव्हती. आजीची दृष्टी अधू. चार वर्षे सकाळ-संध्याकाळ तिला सुई टोचण्याचे काम ही मुलगी शाळा-कॉलेज सांभाळून करत होती. घरातील एक शुश्रूषा करणारी व्यक्ती बाहेर पडणार होती आणि तिची जागा कोण घेणार, हे ठरले नव्हते. ते ठरल्याशिवाय कोणतेही विद्यापीठ तिच्यासाठी लांबच ठरले असते. राधानगरीहून रोज एसटीने ये-जा करून तिने अभियांत्रिकी पुरी करावी, अशी अपेक्षा मनातल्या मनात सर्वांनीच धरली होती.

आपल्या घरातही असे मूल असेल. आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालणारा नातू, आजीला आंघोळीला नेणारी नात. त्यांच्या प्रवेशाचा निर्णय घेण्याआधी घरातील सेवेची कामे कागदावर लिहा आणि प्रत्येक कामापुढे नवे नाव लिहा. नाव सापडत नसेल तर तो प्रश्न मोठ्यांनी सोडवायचा आहे.

त्या दिवशी मी इन्सुलिनचे पेन गुरुजींच्या हाती दिले. त्यांनी चष्मा पुसला आणि वर्गात फळ्यावर लिहावे तसे एकेक पायरी मोठ्याने म्हणत शिकून घेतले : सुई बसवायची, दोन युनिट हवेत सोडून पाहायचे, आकडा लावायचा, टोचायचे, दहापर्यंत मोजायचे, मग सुई काढायची. न उघडलेले पेन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरातले पेन बाहेर, उन्हापासून दूर, साधारण चार आठवडे. पहिले तीन दिवस नात शेजारी उभी राहिली. चौथ्या दिवशी आजीने तक्रार केली की, नातीचा हात हलका होता. गुरुजी म्हणाले, "सवय होईल, तुलाही आणि मलाही."

मुलीने केंद्रीभूत प्रक्रियेतून अर्ज भरला आणि शिवाजी विद्यापीठाच्या तंत्रज्ञान अधिविभागात तिला जागा मिळाली. शुल्कमाफीचे कागद भरले. राहण्या-जेवणाचा खर्च वडील पगारातून करतात. गुरुजींची ठेव जागेवर आहे. तिच्या जागी एखादा वेगळ्या प्रकृतीचा, वेगळ्या परिस्थितीतला मुलगा असता, तर कदाचित मी अतिग्रे किंवा कसबा बावड्याची वाट दाखवली असती.

परवा गुरुजी आले होते. रक्तदाब १३४ आणि ८२. मी मागायच्या आधीच त्यांनी गोळ्यांचे पाकीट टेबलावर ठेवले. ते रिकामे होते.